विकलेली जमीन आणि उरलेली शंका

पुण्याच्या पश्चिमेला वाकड, बालेवाडी, हिंजवडी या पट्ट्यातून मोटारीने जाताना मागच्या आसनावरून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘ही जमीन आपली होती.’ बोलणारा साधारण पन्नाशीचा असतो. जमीन आजोबांची, वडिलांनी किंवा काकांनी ती ऐंशी-नव्वदच्या दशकात विकलेली. आता तेथे वीस-बावीस मजली इमारती उभ्या आहेत. क्षणभर गाडीत शांतता पसरते आणि मग पुढचा प्रश्न येतो. तेव्हा किती आले होते? आणि त्याच्याही पुढचा, जरा खालच्या आवाजात : आत्याची सही होती का?

हा संवाद एका घरापुरता राहिलेला नाही. महामार्गाचे रुंदीकरण, विमानतळ, औद्योगिक वसाहत यांची अधिसूचना निघाली की त्या गावात तो घरोघरी सुरू होतो. २०१३च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागातील मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे जुन्या व्यवहारांकडे पाहण्याची नजर बदलली. सातबारा आता भ्रमणध्वनीवर दिसतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जुन्या दस्तांचा शोध घरबसल्या घेता येतो. आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींच्या हक्काबाबत जो निकाल दिला, त्याच्या बातम्यांमुळे ‘आता सगळे जुने व्यवहार उघडता येतील’ असा एक समज पसरला. तो बराचसा चुकीचा आहे. पण पूर्णपणे नाही, आणि गुंतागुंत नेमकी तेथेच आहे.

अशा कुटुंबांच्या मनात वस्तुतः तीन वेगळ्या शंका एकमेकींत मिसळलेल्या असतात. जमीन स्वस्तात गेली का, ही पहिली. ती विकण्याचा अधिकार विकणाऱ्याला होता का, ही दुसरी. आलेल्या पैशाचे काय झाले, ही तिसरी. सलते ती पहिली. न्यायालयात चालते ती दुसरी. नाती तुटतात ती तिसरीवरून, आणि तिचा उच्चार सहसा कोणी करीत नाही.

किमतीची शंका आधी बाजूला ठेवली पाहिजे, कारण ती सर्वांत दुबळी असूनही सर्वांत जास्त जागा अडवते. मोबदला अपुरा आहे एवढ्याच कारणाने करार रद्द होत नाही, असे भारतीय करार अधिनियमाच्या कलम २५च्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. संमती मोकळेपणाने दिली होती का, हे ठरवताना न्यायालय अपुऱ्या मोबदल्याचा विचार करू शकते, इतकेच. तेव्हा ‘चाळीस हजारांना विकलेली जमीन आज चाळीस कोटींची आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याला हळहळ वाटायला लावते. त्यातून दावा उभा राहत नाही. शिवाय खरेदीखतातला आकडा हाच खरा आकडा होता, हे तरी कोणी सांगावे? मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खतात कमी रक्कम दाखवून ‘वरची’ रोख देण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळलेली होती की तिच्याविषयी कोणाला संकोचही वाटत नसे. आज ते खत हाती घेणाऱ्या मुलाला खतातला आकडा दिसतो आणि तो संतापतो. वरची रक्कम कोणी मोजून घेतली, हे खत सांगत नाही. पहिली शंका अशी नकळत तिसरीत उतरते.

अधिकाराचा प्रश्न मात्र खराखुरा आहे. त्याची सुरुवात एका शब्दापासून करावी लागते, तो म्हणजे ‘वडिलोपार्जित’. बोलीभाषेत वडिलांकडून आलेले सारेच वडिलोपार्जित. हिंदू कायद्यात तसे नाही. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता १९५६च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ८नुसार मुलाकडे आली, तर ती त्याची स्वतंत्र मालमत्ता होते. तीत नातवाला जन्मसिद्ध हक्क राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्येच, संपत्तीकराच्या एका प्रकरणात, हे स्पष्ट केले होते. म्हणजे आजोबांनी पगारातून घेतलेला भूखंड वडिलांनी वारसाहक्काने मिळवून विकला असेल, तर नातवाला त्याविषयी विचारण्याचा कायदेशीर अधिकार बहुधा नसतोच. उलट पणजोबांपासून चालत आलेली, १९५६च्या आधीच एकत्र कुटुंबाची झालेली जमीन असेल, तर गणित वेगळे. अनेक घरांत वर्षानुवर्षे धुमसणारा वाद हा पहिला फरक तपासून पाहिला असता तरी तेथेच निवला असता.

एकत्र कुटुंबाची जमीन विकणारा बहुधा ‘कर्ता’ असतो. जुन्या सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे असतात : एकत्र कुटुंब मॅनेजर. शहरात वाढलेल्या पिढीला ही अक्षरे गूढ वाटतात, पण सारा वाद त्यांच्यात दडलेला असतो. त्यांचा अर्थ असा, की हा माणूस एकटा मालक नाही; तो इतरांच्या वतीनेही धरून आहे. त्याला विकता येते, परंतु कायदेशीर निकडीसाठी किंवा मालमत्तेच्या हितासाठी. हे सूत्र प्रिव्ही कौन्सिलने १८५६मध्ये मांडले आणि आजही तेच चालते. निकड होती, अथवा आपण तशी प्रामाणिक चौकशी केली होती, हे दाखवण्याची जबाबदारी खरेदीदारावर असते. म्हणूनच जुन्या खतांत ‘मुलीच्या लग्नाकरिता’, ‘सोसायटीचे कर्ज फेडण्याकरिता’, ‘दुसरी बागायत जमीन घेण्याकरिता’ अशी कारणे लिहिलेली आढळतात. ती कधी खरी असतात. कधी दस्त लिहिणाऱ्याने सवयीने घातलेली असतात. फरक ओळखण्याचा मार्ग म्हणजे त्या काळातली दुसरी कागदपत्रे : सोसायटीचा कर्जउतारा, बोजा कमी केल्याचा फेरफार, त्याच वर्षीचे लग्न.

निकड नव्हती असे सिद्ध झाले, तरी जमीन सगळी परत येते असे नाही. जुन्या मुंबई इलाख्यात मानल्या जाणाऱ्या परंपरेनुसार सहदायक आपला अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन इतरांच्या संमतीविना विकू शकतो. त्यामुळे विकणाऱ्याचा स्वतःचा हिस्सा खरेदीदाराकडे जातोच. वाद उरतो तो बाकीच्यांच्या हिश्शापुरता. ‘व्यवहारच बेकायदा’ असे ठासून सांगणाऱ्या नातेवाइकाला हे ऐकायचे नसते.

अशा दाव्यांचे आयुष्य किती असते? लुधियानातील एका पित्याने १९६०मध्ये जमीन विकली. १९६४मध्ये मुलाने दावा लावला : जमीन वडिलोपार्जित आहे, विक्रीला निकड नव्हती. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला ऑगस्ट २०१८मध्ये. वडिलांवर कर्जे होती आणि उरलेल्या शेतीच्या सुधारणेसाठी पैसा हवा होता, सबब निकड सिद्ध होते, असे ठरून मुलाची बाजू हरली. चोपन्न वर्षे, आणि उत्तर असे, की वडील खरे बोलत होते.

आता आत्याच्या सहीकडे येऊ. येथे माझ्या मते कुटुंबांनी स्वतःशी सर्वाधिक प्रामाणिक राहण्याची गरज आहे, कारण बहुतेक घरांत खरा अन्याय झाला असेल तर तो येथे झालेला असतो. आणि शंका घेणारे पुतणे-भाचे हे पुष्कळदा त्याच अन्यायाचे लाभार्थी असतात.

मुलींना हक्क २००५मध्ये मिळाला, हा सार्वत्रिक समज अर्धवट आहे. सांगलीच्या न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला एक जुना खटला, गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई, या संदर्भात आठवावा. हिराबाईंचे पती १९६०मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. पत्नीने हिस्सा मागितला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालपत्रात, हिशेब मांडला तो असा : मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे गृहीत धरायचे, पती, पत्नी व दोन मुलगे यांना प्रत्येकी पाव, मग पतीचा पाव हिस्सा पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली अशा सहा वारसांत सारखा वाटायचा. पत्नीला स्वतःचा पाव आणि वर एक चोविसांश, मिळून सात चोविसांश. या हिशेबात मुलींच्या वाट्याला प्रत्येकी एक चोविसांश येतो. तो लहान आहे, पण शून्य नाही. आणि तो १९६०पासूनचा आहे.

म्हणजेच वडील १९५६नंतर वारले असतील, आणि भावांनी १९८५मध्ये किंवा १९९२मध्ये सगळी जमीन आपलीच म्हणून विकली असेल, तर बहिणींच्या व आईच्या वारसाहक्काचा भाग त्यांचा नव्हताच. तो विकण्याचा अधिकार थोरल्या भावाला ‘कर्ता’ म्हणूनही आपोआप मिळत नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सातबाऱ्यांवर हा भाग कोठे गेला ते दिसते : मुलांची नावे भोगवटादार सदरी आणि बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात. कायद्याने समान वारस असलेल्या बाईला कागदावर जणू विहिरीच्या पाळीसारखे, पायवाटेसारखे स्थान. पुढे विक्री ठरली की त्या रकान्यातले नाव कमी करण्याचा फेरफार होई. त्यासाठी तलाठ्यापुढे बहिणीचा जबाब होई, ‘मला हिस्सा नको’. तोंडी जबाबाने स्थावर मालमत्तेवरची मालकी जात नाही. हक्कसोडपत्र नोंदवावे लागते. फेरफार हा महसूल वसुलीसाठीचा अभिलेख आहे, मालकीचा दाखला नव्हे, हे न्यायालयांनी किती वेळा सांगितले याची गणती नाही. तरीही आपल्या घरांत ‘फेरफार झाला’ म्हणजे विषय संपला, असे मानले जाते.

नोंदवलेले हक्कसोडपत्र असेल तर ते कसे घेतले गेले, हा पुढचा भाग. भाऊबीजेला आलेल्या बहिणीला दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात नेले, साडी घेतली, कागद वाचून दाखवला नाही. अशा हकिगती ऐकलेल्या नाहीत असे घर विरळा. त्यांतल्या सगळ्याच फसवणुकीच्या असतात असे नव्हे. माहेर तुटू नये म्हणून जाणूनबुजून हक्क सोडणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती, आजही आहे. पण त्या ‘जाणूनबुजून’मध्ये किती मोकळीक होती, हे त्यांना कोणी विचारले नाही.

२००५च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायक ठरली. महाराष्ट्राने हे पाऊल ११ वर्षे आधी, २२ जून १९९४ रोजी उचलले होते, मात्र त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळून. केंद्रीय कायद्याने ती अट ठेवली नाही. पुढे वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये म्हटले आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत खोडून काढले. वर्तमानपत्रांचे मथळे येथवर पोहोचले. मथळ्यांत न मावलेली ओळ अशी, की २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली विक्री, वाटणी वा मृत्युपत्राने लावलेली विल्हेवाट या दुरुस्तीने बाधित होत नाही. ही तारीख यादृच्छिक नाही. त्या दिवशी विधेयक राज्यसभेत मांडले गेले. तेव्हा १९९१ची विक्री २०२०च्या निकालावर बोट ठेवून उलटवता येत नाही. तिला आव्हान द्यायचे तर ते जुन्या कायद्यातील त्या चोविसांशाच्या आधारे; आणि तेथे आड येते ती मुदत.

मुदतीच्या कायद्याबद्दल लोकांना राग असतो आणि तो समजण्यासारखा आहे. वडिलांनी केलेल्या वडिलोपार्जित मालमत्तेच्या विक्रीला मुलाने आव्हान द्यायचे तर खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून बारा वर्षे. अज्ञानाच्या पालकाने केलेली विक्री रद्द करायची तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे. दस्त रद्द करून मागायचा तर वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षे. ज्या बहिणीने सहीच केलेली नाही तिला दस्त रद्द करून मागण्याची गरज नसते. तो आपल्यावर बंधनकारक नाही असे ठरवून हिस्सा मागता येतो. पण बाहेरच्या खरेदीदाराने सगळ्या जमिनीचा मालक म्हणून उघड ताबा घेऊन बारा वर्षे लोटली असतील, तर प्रतिकूल ताब्याचा त्याचा बचाव वजनदार ठरतो. फसवणूक असेल तर मुदत ती उघडकीस आल्यापासून मोजतात, हे खरे. परंतु वाजवी तत्परतेने ती केव्हा कळू शकली असती, हेही पाहिले जाते. ज्या जमिनीवर १९९८पासून इमारत उभी आहे आणि आपण दर दिवाळीला तिच्यासमोरून जातो, तिच्या विक्रीचे ज्ञान आपल्याला परवा झाले, असे शपथपत्रावर सांगणे अवघड आहे.

अज्ञान मुलांच्या हिश्शाबाबत एक बारकावा सांगायला हवा, कारण वकिलाच्या पहिल्या भेटीत बहुतेक जण तोच मुद्दा घेऊन जातात. अज्ञानाची स्वतंत्र मालमत्ता विकण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, असे १९५६चा अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम सांगतो. मात्र एकत्र कुटुंबातील अज्ञानाच्या अविभक्त हिश्शासह कर्त्याने केलेल्या विक्रीला ही अट लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये ठरवले. ‘आम्ही लहान होतो, कोर्टाची परवानगी नव्हती’ हा मुद्दा त्यामुळे अनेकदा पहिल्याच पायरीवर गळतो.

वाड्याची गोष्ट जमिनीपेक्षा थोडी निराळी. सदाशिव पेठेतला असो की वाईतला, अविभक्त राहत्या घरातला एका भावाचा हिस्सा बाहेरच्याने घेतला, तरी त्याला घरात येऊन इतरांबरोबर संयुक्तपणे राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला, तर कुटुंबाला तो हिस्सा योग्य किमतीत परत घेण्याची मुभा १८९३च्या वाटप कायद्याने दिली आहे. एकत्र राहणाऱ्या कुटुंबाची ही राखण इंग्रजी अमदानीपासून आहे, पण तिचा उपयोग व्यवहार ताजा असतानाच. वाडा पाडून तेथे सोसायटी झाल्यावर ती निरुपयोगी होते.

सोसायटी म्हटली की समोरची बाजू आठवते. जुन्या विक्रीला आव्हान देणारा दावा कागदावर त्या वेळच्या खरेदीदाराविरुद्ध असतो. प्रत्यक्षात त्याची झळ तिसऱ्या-चौथ्या हातातून सदनिका घेणाऱ्याला बसते. त्याने आयुष्याची कमाई घालून, बँकेच्या वकिलाचा शोध अहवाल पाहून घर घेतलेले असते. तो अहवाल बहुधा तीस वर्षांचा असतो. एका कुटुंबाची शंका न्याय्य असू शकते आणि दुसऱ्या कुटुंबाची झोपही तितकीच न्याय्य असते. भूसंपादनात तर याहून विचित्र अवस्था होते : महामार्गाच्या मोबदल्याच्या वाटपावरून वाद निर्माण झाला की सक्षम प्राधिकारी तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो, आणि पैसा कोणाच्याच हाती लागत नाही. थोरल्या घरचे आणि धाकट्या घरचे दोघेही तारखांना हजर.

मग शंका आलेल्या कुटुंबाने करायचे काय? माझा अनुभव असा, की नोटीस पाठवण्याची घाई सर्वांना असते आणि तहसील कार्यालयातून जुना फेरफार काढण्याचा कंटाळा सर्वांना असतो. क्रम उलटा हवा. सध्याच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक वर्तुळात दिलेले असतात. एकेक क्रमांक धरून मागे जात गेले की आजोबांच्या मृत्यूची वारसनोंद सापडते आणि तिच्यात कोणाची नावे लागली, कोणाची गळली, हे स्वच्छ दिसते. विक्रीच्या फेरफारात खरेदीखताचा दस्त क्रमांक व तारीख असते, त्यावरून दुय्यम निबंधकाकडे नक्कल मिळते. जमीन इनामाची, कुळकायद्याने मिळालेली, म्हणजे भोगवटादार वर्ग दोनची असेल तर परवानगीचा आदेश होता का, तेही तेथेच उमगते. या सगळ्याला वकिलाच्या पहिल्या सल्ल्याहून कमी खर्च येतो. आणि अनेकदा तो कागद घरातली दंतकथा मोडतो. काकांनी परस्पर विकली म्हणून तीस वर्षे ज्यांना बोल लावला, त्या काकांच्या बरोबरीने वडिलांचीही सही निघते. किंवा विक्रीच्या आदल्याच वर्षी जमिनीवर बँकेचा बोजा चढलेला दिसतो आणि आईच्या आजारपणाची तारीख त्याच्याशी जुळते.

कागदाने न सुटणारी ती तिसरी शंका उरते, पैशाची. तिच्यासाठी कोणतेही कलम फारसे उपयोगी नाही. तिची उत्तरे ज्यांना ठाऊक आहेत ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना विचारताना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले की ती गप्प होतात. आत्याला मात्र एक प्रश्न विचारायला हरकत नाही, जो विक्रीच्या वेळी कोणी विचारला नव्हता : तुला तेव्हा काय हवे होते? काही घरांत यातून एक साधी गोष्ट घडलेली आहे. जमीन परत आणणे शक्य नाही हे मान्य करून भावांनी त्या चोविसांशाची रक्कम, उशिरा का होईना, बहिणीच्या नावाने जमा केली. अशा तडजोडीला न्यायालयाचा शिक्का लागत नाही. दावा दाखल असेल, तर लोकअदालतीत ती नोंदवून घेता येते.

खरेदीखताची नक्कल हाती आली की लोक पहिले पान वाचतात : लिहून घेणार, लिहून देणार, रक्कम, चतुःसीमा. शेवटच्या पानाकडे दुर्लक्ष होते. तेथे ‘मान्यता देणार’ असा एक मथळा कधी कधी असतो आणि त्याखाली आज शंका घेणाऱ्याचीच, विशीतली, वळणदार सही असते. तो मथळा नसेल तर साक्षीदारांची नावे असतात. साक्षीदार म्हणून केलेली सही ही एकट्याने संमती ठरत नाही, हे कायद्याला मान्य आहे. तरी ते नाव कोणाचे आहे, हे दावा लावण्यापूर्वी पाहून घ्यावे.